हळदीत भिजलेलं लॉक

मित्रांनो, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देवदत्तांनी मला सुरू केलं, तेव्हा माझ्याकडे दाखवायला एकही मराठी अक्षर उरलं नव्हतं. पडद्यावर तुटके इंग्रजी तुकडे, टिंबं आणि रिकामे चौकोन होते. देवदत्तांनी मला बंद केलं, पुन्हा सुरू केलं. तेच. दारात त्यांची मोठी बहीण आक्काताई चहा घेऊन उभी होती.

"काय झालं रं?"

"चारूनं लिहिलेलं सगळं गेलं, आक्का."

मी एक जुना संगणक आहे, पण ही गोष्ट १९९९ सालची आहे आणि तेव्हा मी जुना नव्हतो. पुण्यातल्या एका दुकानात सुटे भाग एकत्र करून मला जोडलं होतं. देवदत्त आणि त्यांच्या पत्नी चारुशीलाबाई मला एसटीनं सांगलीला घेऊन आले. खड्ड्यात धक्का बसू नये म्हणून चारुशीलाबाईंनी माझा पडदा सगळा रस्ता मांडीवर धरला होता. विश्रामबागेत त्या दोघांचा टायपिंगचा क्लास होता, तिथे खिडकीजवळ मला जागा मिळाली.

चारुशीलाबाईंचं माहेर रहिमतपूर. त्यांच्या मनात एक गोष्ट होती. सातारा-सांगलीची माणसं कुठे कुठे गेली आहेत, कोणी फौजेत, कोणी मुंबईत, कोणी आखातात. त्या सगळ्यांसाठी इंटरनेटवर एक जागा करायची. प्रत्येकाला तिथे आपलं गाव सापडावं, गावाखाली ओळखीची नावं दिसावीत, निरोप ठेवता यावा आणि उत्तर देता यावं. ज्यांना संगणक येत नाही त्यांचे निरोप चारुशीलाबाई लिहून घेत. माणूस समोर बसून बोले, त्या टाइप करत आणि मग त्याला वाचून दाखवत. "तुमच्याच शब्दांत आलंय ना?" असं विचारून एक प्रत छापून त्याच्या हातात देत. असे हजारो निरोप माझ्या पोटात साठले होते. मला त्याचा अभिमान वाटे.

त्या काळी मराठी लिहायची प्रत्येक दुकानदाराची रीत वेगळी होती. एकाकडचं लिहिलेलं दुसऱ्याकडे वाचता येत नसे. आमच्या मराठी लिहायच्या प्रोग्रॅमबरोबर एक लहानशी डबी आली होती. तिला सगळे लॉक म्हणत. ती माझ्या पाठीत खोचली तरच अक्षरं उमटत. डबी नाही तर अक्षर नाही.

त्या वर्षी उन्हाळ्यात चारुशीलाबाईंना कावीळ झाली आणि त्या गेल्या. घरात वर्षभर सण नव्हता. पण खंडेनवमीला आक्काताई म्हणाल्या, "सण न्हाई तर न्हाई. हत्याराला तसंच ठिवायचं नसतं. त्येच्यावर पोट हाय आपलं." त्यांनी पाट मांडला. म्हसवडला त्यांच्या सासरी विळे, खुरपी, कुऱ्हाड सगळं मोकळं करून, धुऊन पाटावर ठेवायची रीत होती. त्याच रीतीनं त्यांनी माझ्यापासून जे जे निघेल ते काढलं. कळफलक काढला, माऊस काढला आणि लॉकही काढलं. ओल्या फडक्यानं पुसलं. हळद-कुंकवाची बोटं ओढली. सांगलीत हळदीला तोटा नाही. लॉकच्या बारीक सुयांमध्ये ती ओली हळद जाऊन बसली. चारुशीलाबाई दर वर्षी माझ्या कपाळाला एवढंसं कुंकू लावत आणि लॉकला हात लावू देत नसत. पण ते सांगायला त्या नव्हत्या. दसऱ्याला देवदत्तांनी सगळं होतं तसं परत जोडलं. दुसऱ्या दिवशी मला सुरू करताच वीज आत आली आणि लॉक आतल्या आत जळलं.

आक्काताईंना हे समजलं तेव्हा त्यांनी विचारलं, "म्या केलं का रं हे?"

"लावताना मी बघायला हवं होतं," देवदत्त म्हणाले.

पण त्या दिवसापासून आक्काताई माझ्या खोलीत येईनाशा झाल्या. चहाचा कप उंबऱ्यावर ठेवून जात.

देवदत्तांनी पुण्याला फोन लावला. ज्या दुकानानं तो प्रोग्रॅम बनवला होता ते बंद पडलं होतं. मालक कुठे गेला हे शेजारच्यांना माहीत नव्हतं. दिवाळीच्या पाडव्याला ही जागा सुरू करायची असं चारुशीलाबाईंनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. दिवाळी तोंडावर आली होती.

मग माझ्यासमोर बैठक बसली. लालासाहेब आले. ते फौजेच्या सिग्नलमधले निवृत्त सुभेदार. या कामात त्यांनी पेन्शनीतला वाटा घातला होता. साक्षी आली. ती कॉलेजात संगणक शिकवायची आणि चारुशीलाबाईंची मैत्रीण होती.

"पुण्यात दुसरं दुकान हाय," लालासाहेब म्हणाले. "नवं पॅकेज, नवं लॉक. जुनं जाऊ दे गड्या. लोकांकडनं परत लिहून घिऊ."

"कोणाकडून, सुभेदार? त्यातली कितीतरी माणसं आता नाहीत. लिहिणारीही नाही," देवदत्त म्हणाले.

साक्षीनं पिशवीतून एक सीडी काढली. "हे लिनक्स आहे, संगणक चालवणारी व्यवस्था. मासिकाबरोबर आलंय."

"शांपूच्या पुडीसंगं कंगवा येतो, तसलं?"

"तसलंच. फुकट आहे."

"हजारो माणसांचा कारभार फुकटच्या कंगव्यावर चालवायचा व्हय?"

"काका, फुकटाचं बाजूला ठेवा. मला एक सांगा. फौजेत तुम्हाला वायरलेसचा सेट दिला आणि बजावलं की झाकण उघडायचं नाही, बिघडला तर बनवणाऱ्याला शोधा. तो घेऊन सीमेवर जाल?"

लालासाहेबांनी मिशीवरून बोट फिरवलं. "बनवणारा कुठं ऱ्हातो?"

"दुकान बंद करून गेला."

"मग बर्फात फेकीन त्येला."

"आपण तेच विकत आणलं होतं," साक्षी म्हणाली. "याचं झाकण उघडं आहे. आत काय लिहिलंय ते कोणालाही वाचता येतं, सुधारता येतं. उद्या मी नसले तरी दुसरं कोणी करेल."

देवदत्तांनी फक्त एवढंच विचारलं, "चारूचं वाचता येईल का यानं?"

"माहीत नाही. खोटं सांगणार नाही, दादा. पण प्रयत्न तरी करता येईल. बंद डबीत तोही करता येत नाही."

मित्रांनो, मला भीती वाटत होती. नवी व्यवस्था घालताना डिस्क पुसली जाते, आणि माझ्या पोटात एकच डिस्क होती. पण साक्षीनं आधी ती काढली, तिची नक्कल केली आणि मूळ डिस्क देवदत्तांच्या कपाटात ठेवायला दिली. स्वतःच्या घरची दुसरी डिस्क तिनं मला लावली. चारुशीलाबाईंनंतर माझ्याशी इतकं जपून कोणी वागलं नव्हतं.

मागेल त्याला पानं वाढायला अपाची नावाचा असाच उघडा प्रोग्रॅम घ्यायचा ठरला. अक्षरं निवडून लावायला पर्ल नावाची संगणकाची भाषा. निरोप साठवायचं कोठार निवडताना मात्र वाद झाला. साक्षीला मायएसक्यूएल हवं होतं. ते चपळ होतं. पोस्टग्रेस सावकाश चाले, पण काम मध्येच तुटलं तर अर्धवट लिहिलेलं टाकून देई आणि पुरं झालेलं जपे.

"हजार माणसं एकदम आली तर पोस्टग्रेस दमेल," साक्षी म्हणाली.

"दमू दे. आणि निरोप लिहिताना वीज गेली तर?" देवदत्तांनी विचारलं.

"मायएसक्यूएलमध्ये काय उरेल, सांगता येत नाही."

"मग सावकाश चालणारंच घे. माणसं थांबतील. आजवर थांबलीच आहेत की."

आता खरं अवघड काम आलं. पडद्यावरची कोणती खूण म्हणजे कोणतं मराठी अक्षर, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पण चारुशीलाबाईंनी छापून दिलेल्या प्रती लोकांच्या घरी होत्या, त्यांच्याशी खुणा ताडून बघता येणार होत्या. देवदत्त एसटीनं गावोगाव गेले. म्हसवडच्या चंद्राबाईंनी आपली प्रत देव्हाऱ्यात ठेवली होती. "न्या, पर दुमडू नगा," त्या म्हणाल्या. त्यांचा मुलगा मस्कतला होता. प्रती आल्या, पण एकानं पडद्यावर नजर ठेवायची तर दुसऱ्यानं वाचायला हवं होतं. देवदत्त वाचायला बसले आणि चौथ्या ओळीला प्रत खाली ठेवून उठले.

साक्षी उंबऱ्याकडे वळली. "आक्का, तुम्ही वाचा."

"म्या? म्या न्हाई यायची त्या खोलीत."

"तुम्ही आल्याशिवाय हे होणार नाही."

आक्काताई आल्या. माझ्याकडे न बघता बसल्या. बोट ठेवून, एकेक शब्द तोडून त्या वाचू लागल्या आणि साक्षी एकेक खूण लावू लागली. कुठे काना सुटायचा, कुठे वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटायची. साक्षी म्हणे, एवढं चालेल. देवदत्त म्हणत, चालणार नाही. नाव चुकलं तर निरोप दुसऱ्याच घरी जाईल. मग पुन्हा पहिल्यापासून.

पाडव्याच्या आदल्या दिवशी दुपारी सगळे निरोप एकदम कोठारात भरायला घेतले. निम्म्यावर आले असतील नसतील, वीज गेली. यूपीएस ओरडायला लागला. त्यात फार दम नव्हता.

"बंद कर," लालासाहेब म्हणाले.

"चाललंय तोवर चालू दे," साक्षी म्हणाली.

तेवढ्यात मी विझलो.

वीज येईपर्यंत चौघंही तिथून हलली नाहीत. आक्काताईंनी दोन्ही हात पदरात गुंडाळले होते. मी सुरू झालो. देवदत्तांनी शोधलं. जेवढे निरोप पुरे झाले होते, तेवढे सगळे शाबूत होते. अर्धवट एकही नव्हता. ते तिथून पुढे भरत गेले. साक्षी म्हणाली, "दादा, तुमचं बरोबर होतं." तेव्हा कुठे लालासाहेबांनी चहा मागितला. "कंगवा बरा निघाला," ते म्हणाले.

पाडव्याला जागा सुरू झाली. घरात दिवाळी नव्हती, म्हणून लालासाहेबांनी आणलेले पेढे आक्काताईंनी शेजारी वाटले. संध्याकाळी मस्कतहून चंद्राबाईंच्या मुलाचं उत्तर आलं. देवदत्तांनी ते मोठ्यानं वाचलं. सगळे हसले, बोलले. मग आक्काताईंनी विचारलं, "आन आमची चारू कुठल्या गावाखाली हाय?"

देवदत्तांनी नाव टाकलं. मी सगळं कोठार शोधलं. नोंद नव्हती. रहिमतपूरच्या पानावर त्यांची भावंडं होती, आळीतली माणसं होती. त्या नव्हत्या.

"दुसऱ्यांचंच लिहीत बसली बघ," आक्काताई म्हणाल्या.

पुढे गर्दी वाढली. माझं कौतुक झालं, लोक मला पाहायला आले. नंतर सगळा कारभार पुण्यातल्या मोठ्या यंत्रावर गेला. अक्षरं लिहायची एकच रीत सगळीकडे आली. जाताना काहीच अडलं नाही, कारण उघडायला कोणाची डबी लागत नव्हती. मी कोपऱ्यात गेलो. माझा पडदा आता पिवळा पडला आहे आणि पंखा कुरकुरतो. त्याचं मला वाईट वाटत नाही.

मित्रांनो, तुम्हीही पुष्कळ लिहाल, साठवाल. ते ज्या पेटीत ठेवाल तिचं झाकण तुम्हाला उघडता येतं का, ते आधी बघा. दुसरी नक्कल दुसऱ्या जागी ठेवा. आणि ज्यांच्या हातानं तुमचं काम उभं राहिलं, त्यांचा निरोपही ती माणसं असताना विचारून घ्या.

देवदत्त अजून अधूनमधून मला सुरू करतात. माझ्याच कळफलकावर त्यांचा हात बसलेला आहे. नव्या नोंदीचं पान उघडतात. नाव लिहितात, गाव लिहितात. खाली निरोपाची जागा असते, तिथे थांबतात. थोड्या वेळानं पान न साठवता बंद करतात, आणि कोठार अर्धवट काही ठेवत नाही.

चारुशीलाबाईंची नोंद लिहायची राहिली आहे.