दिवे तपासायचं बटण

अंधेरीच्या त्या कारखान्यातला कॉम्प्युटर तीन लोखंडी कपाटांएवढा होता. त्याच्या तोंडावर पांढऱ्या दिव्यांच्या चार ओळी, खाली बटणं आणि कोपऱ्यात एकच लाल दिवा. तो लागला की यंत्र बिघडलं. अनंत जोगळेकर ते दिवे असे वाचायचा, की धर्मा शिपाई वर्सोव्यात शपथेवर सांगे, "आमचे साहेब दिवे बघून भरतीची वेळ सांगतात!" त्या भरवशावर म्हणे दोन होड्या सुटल्या, आणि वाळूत रुतल्या त्या अजून तिथेच आहेत.

श्रावणात अनंतची बायको शुभा गेली. तेराव्यानंतर तो कामावर आला. डोळ्यांत टिपूस नाही. बहीण जयंती रोज म्हणे, "दादा, एकदा रडून घे रे." तो "बरं" म्हणे आणि भात संपवी. आमटीत मीठ नव्हतं हेही त्याला कळत नसे.

गेल्या दसऱ्याला यंत्राची पूजा झाली होती. वर्षातला तेवढा एकच दिवस घरच्या मंडळींना त्या थंडगार खोलीत येता येई. शुभाने हळदकुंकू वाहिलं आणि दुसऱ्या ओळीतल्या सातव्या दिव्याच्या टोपणावर ओलं बोट टेकवलं.

"हाच का गं?" अनंतने विचारलं.

"मेला मघापासून माझ्याकडे बघून डोळे मिचकावतोय."

दिव्याच्या उबेने कुंकू वाळलं ते बसलंच. पांढरा दिवा लाल दिसू लागला. खोलीतल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं.

फोर्टच्या कचेरीतून नव्याने आलेल्या नंदकिशोर साहेबांना मात्र नव्हतं. पहिल्याच सोमवारी त्यांना लाल दिवा दिसला. "अरे, वाट लागली!" म्हणत त्यांनी थांबवायचं बटण दाबलं आणि सहा तासांचं काम पाण्यात गेलं.

"कुंकू?" साहेब कडाडले. "यंत्राचं काय लग्न लागलंय? जोगळेकर, पुसून टाका. चार वाजता बघायला येतो."

"बरं," अनंत म्हणाला.

धर्माने स्पिरिटचा बोळा आणला, पण हातातच धरून ठेवला. "साहेब, वहिनींचं बोट हाय ते."

"माहितीये. दे इकडे."

अनंतने टोपण फिरवून काढलं. बोटाच्या रेषा अजून दिसत होत्या. आता छातीत काही होईल म्हणून तो थांबला. काही झालं नाही. बोळ्यातलं स्पिरिट उडून गेलं, बोटं तेवढी गार पडली.

मग त्याने चौथ्या ओळीतल्या शेवटच्या दिव्याचं टोपण काढलं. त्या दिव्याला कुठलंच काम जोडलेलं नव्हतं; यंत्र आल्यापासून तो रिकामाच बसून होता. अनंतने दोन्ही टोपणांची अदलाबदल केली.

चार वाजता साहेबांनी सातवा दिवा पाहिला. पांढराशुभ्र. "झालं ना? एवढंसं काम!" न लागणाऱ्या दिव्याकडे साहेब लोक बघत नाहीत. धर्मा तोंडात फडकं कोंबून बाहेर पळाला.

रोज सकाळी यंत्र सुरू करताना एक बटण दाबायचं असे. ते दाबून धरलं की तेवढा वेळ सगळेच दिवे पेटत, बिनकामाचेसुद्धा. कुठला बल्ब उडालाय ते कळावं म्हणून. दोन सेकंद पुरत.

दुसऱ्या दिवशी अनंतने ते दाबलं. चारही ओळी पांढऱ्या, शेवटी एक लाल. डोळे कोरडेच. पण त्याने बोट उचललं नाही.

धर्मा चहा घेऊन दारात उभा राहिला. चहावर साय धरली.

"साहेब, लागले ना सगळे?"

"बघतोय," अनंत म्हणाला.