यावोरचा साचा

मुलगा यावोर जाऊन सहा महिने झाले म्हणून रुम्यानाने रीतीप्रमाणे इमारतीत सगळ्यांना उकडलेले गहू वाटले, आणि दुसऱ्या दिवशी ती ल्युबेनच्या गॅरेजवर आली. ल्युबेन दारात बसून हिवाळ्यासाठी मिरच्या भाजत होता. तिच्या हातात चादरीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. चादर सोडायच्या आधीच ल्युबेनला कळलं, ही यावोरची गिटार.

ती याच गॅरेजात झाली होती. रूसे शहरातला फर्निचर कारखाना बंद पडल्यावर तिथला रंगारी ल्युबेन हौसेने इलेक्ट्रिक गिटारी बनवायला लागला. वरच्या मजल्यावरचा यावोर कॉलेजात असताना एक दिवस स्वतःच्या हाताने काढलेला आकार घेऊन आला. तो आकार प्लायवूडवर उतरवून त्याने साचा कापला. मानेच्या दोन बाजूंना निघणाऱ्या शिंगांपैकी एक दुसऱ्यापेक्षा जरा खाली उतरलं होतं. पुन्हा काप म्हटलं तर म्हणाला, "राहू दे की चिचो. माझे खांदे तरी कुठे सरळ आहेत?" ल्युबेनला तो चिचोच म्हणायचा, काका. पुढे तो मालट्रकवर लागला आणि ऑस्ट्रियातल्या एका घाटात अपघातात गेला. त्याचा फोटो छापलेला मृत्यूची बातमी देणारा कागद अजून इमारतीच्या दारावर चिकटवलेला होता.

"हिला नवी कर," रुम्याना म्हणाली. "पहिल्या दिवशी होती तशी."

ल्युबेनने गिटार मांडीवर घेतली. वाजवताना यावोरचा हात टेकायचा तिथला लाल रंग पार उडाला होता. खालचं लाकूड घामाने काळपट, गुळगुळीत झालं होतं.

"वाजवून वाजवून झालंय हे, रुम्याना. चांगलं दिसतं. लोक मुद्दाम असं करून घेतात."

"लोकांचं मला नको सांगूस. मी त्याच्या खोलीत गेले की त्या जागेवर त्याचा हातच दिसतो. मला बघवत नाही."

ल्युबेन हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

त्याने तारा काढल्या, मान सुटी केली, आतली वायरिंग काढली. नुसतं धड टेबलावर ठेवून पॉलिशपेपर हातात घेतला, तेवढ्यात यावोरचा बाप आसेन आत आला. तो शहर बसवर ड्रायव्हर होता, अंगात गणवेश तसाच होता.

"हात लावू नकोस त्याला," आसेन म्हणाला.

"तुझ्या बायकोने सांगितलंय."

"ठाऊक आहे. ती बाजारात गेली की मी जाऊन त्या जागेवर हात ठेवून बसतो. तेवढंच उरलंय रे, ल्युबेन. ते पण घासून टाकशील?"

"मग हे तिला सांग. मला काय सांगतोस?"

"आम्ही बोलतो कुठे आता? मीठ दे, दिवा बंद कर. एवढंच."

आसेन गेल्यावर ल्युबेनने पॉलिशपेपर खाली ठेवला. एकाला नाही म्हणायला हवं होतं, आणि ते त्याला आयुष्यात कधी जमलं नव्हतं. भिंतीवर यावोरचा साचा टांगलेला होता. तो काढताना ल्युबेनला वाटलं, यातून दोघांचंही भागेल.

तसल्याच लाकडाची फळी त्याच्याकडे होती. साचा फळीवर चिकटवला आणि राउटर, लाकूड कापायचं यंत्र, त्याच्या कडेकडेने फिरवला. उतरलेलं शिंग हुबेहूब उतरलेलंच आलं. मग लाकडाची छिद्रं बुजवणारा सीलर, त्यावर पॉलिशपेपर, पुन्हा सीलर. लाल रंग मिसळून त्याने टाकाऊ तुकड्यांवर मारून बघितला, मनासारखा होईपर्यंत. नदीवरून धुकं येत होतं. ओल्या हवेत मारलेला लॅकरचा पहिला हात दुधासारखा पांढरा पडला, तो सगळा खरवडून काढावा लागला. कोरडं ऊन पडेल त्या दिवशीच तो एकेक हात देत गेला. इतकं मन लावून त्याने कारखान्यातसुद्धा कधी काम केलं नव्हतं. जुनी मान, जुनी वायरिंग नव्या धडावर चढली. जुनं धड त्याने आसेनला दिलं. आसेनने ते कोटाखाली घातलं.

रुम्यानाने नवी गिटार उजेडात धरली. तिचं तोंड लाल लॅकरमध्ये दिसत होतं.

"अशीच होती," ती म्हणाली. "अगदी अशीच. देव तुझं भलं करो." आणि तिने ल्युबेनचे हात हातात घेतले. ल्युबेन खाली बघत राहिला.

बर्फ पडायला लागल्यावर ती एकदा लोणच्याच्या कोबीसाठी तळघरात उतरली. पिंपामागे आसेनचा जुना स्वेटर दिसला. टाकून द्यावा म्हणून तिने तो ओढला, तर त्यातून ते धड बाहेर आलं.

ती चपलांवरच गॅरेजमध्ये आली. धड छातीशी धरलेलं होतं.

"हे काय आहे, ल्युबेन?"

त्याने सगळं सांगितलं. आसेन काय म्हणाला ते, साचा, नवी फळी. "वाईट मनात नव्हतं," तो म्हणाला. "मला वाटलं, दोघांनाही..."

"तुला वाटलं." ती ओरडली नाही. "त्याची शवपेटी आली तेव्हा झाकण ठोकलेलं होतं. मी म्हटलं उघडा, तर आसेन म्हणाला नको, पाद्री म्हणाले नको, तू सुद्धा म्हणालास नको. आत तोच आहे, एवढं सगळ्यांनी सांगितलं आणि मी मान्य केलं. खोटं नाही सांगत, रोज मनात येतं, आत कोण होतं? आणि आता तू मला आणखी एक दिलंस. वरून चकचकीत, आत दुसरंच."

पेटीपाशी तिला अडवायला तिचा दंड धरणाऱ्यांत ल्युबेनही होता.

"मी जुन्यावर बसवून देतो सगळं," तो म्हणाला. "उद्याच देतो."

"काही करू नकोस तू."

त्या संध्याकाळी वरच्या मजल्यावरचं भांडण सगळ्या जिन्याने ऐकलं. कितीतरी महिन्यांनी ती दोघं एकमेकांशी इतकं बोलत होती. सकाळी लाल गिटार गॅरेजच्या दाराशी टेकवून ठेवलेली होती. तिच्यावर रात्रीचं बर्फ साचलं होतं. ल्युबेनने ती पुसून आत घेतली, पण थंडीने लॅकरला बारीक तडे गेले होते.

पुढचं त्याला आसेनकडून कळलं, तेही बस थांब्यावर, घाईघाईत. रुम्यानाला मुलाच्या मृतदेहाचे फोटो हवे होते, ऑस्ट्रियातल्या इस्पितळात काढलेले. बापाच्या सहीशिवाय मिळत नव्हते आणि इतके दिवस आसेन सही देत नव्हता.

"दिलीस?"

"दिली. टपालाने नको म्हणाली ती. आम्ही जाणार आहोत."

"आसेन, ते बघणं..."

"तू गप्प बस आता," आसेन म्हणाला, आणि बसमध्ये चढून त्याने दार लावलं.

फेब्रुवारीत ती दोघं गेली आणि आठवड्याने परतली. ल्युबेन गॅरेजच्या दारातून बघत होता. आसेनने दोन्ही पिशव्या उचलल्या होत्या. रुम्याना पायऱ्यांवर थांबली, आसेनच्या दंडाला धरून तिने श्वास घेतला आणि पुन्हा चढायला लागली. काय पाहिलं ते तिने कुणाला सांगितलं नाही, आणि ल्युबेनशी ती पुन्हा कधी बोलली नाही.