चपराक चालते, माफी चालत नाही

सत्यशीलाचं डोकं भडकलं ते सिनेमा बघताना नाही, बघून झाल्यावर.

मांजरसुंब्याच्या पत्र्याच्या चर्चमध्ये रविवारी उपासनेनंतर सगळ्या कुटुंबांना एक सिनेमा दाखवायचा होता. ख्रिस्ती नवरा-बायकोच्या संसाराची गोष्ट, मराठीत डब केलेली. लेकराबाळांसमोर दाखवण्याजोगी आहे का, हे तपासायला आदल्या दिवशी तिघं बसले: पाळक धर्मराज, मंडळीतले वडीलधारे पंच बबनराव आणि संडे स्कूल घेणारी सत्यशीला.

सिनेमातला नवरा संशयावरून बायकोला मारतो. ती माहेर गाठते. शेवटी तो भर चर्चमध्ये तिच्यापुढं गुडघे टेकून माफी मागतो.

"चांगला हाय," बबनराव म्हणाले. "वंगाळ काही न्हाई, दारूबिरू न्हाई. फकस्त शेवटचं ते पुढं पळवा."

"कावून, काका?"

"गडीमाणूस बायकोपुढं गुडघे टेकतो, हे पोरांनी बघावं व्हय? घराचं वळण बिघडतं."

"आन् ती मारहाण?"

"ती गोष्टीला लागतीच की."

सत्यशीलानं धर्मराजकडं पाहिलं. माणूस भला, पण भित्रा. "ताई, तेवढ्यासाठी वाद नको," तो पुटपुटला.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. गेल्या साली तिच्या नवऱ्यानं, लखननं, तिला अंगणात चारचौघांदेखत मारलं, तेव्हा हेच दोघं घरी आले होते. बबनरावांनी चहा पिऊन तिलाच समजावलं होतं, "घरचं घरात मिटवावं, बाई." लखनला कुणी एका शब्दानं विचारलं नव्हतं.

"मार बघितला तर चालतो आन् माफी बघितली की वळण बिघडतं?" ती कडाडली. "कुठल्या शास्त्रात लिवलंय हे?"

"आवाज खाली," बबनराव म्हणाले आणि चपला घालून चालते झाले.

रविवारी चर्च भरलं. मारहाण आली, तशी पुढं बसलेली दोन पोरं खिदळली. ते हसू सत्यशीलाच्या काळजात घुसलं. मग धर्मराजनं बबनरावांनी सांगितल्याप्रमाणं सिनेमा पुढं पळवला. पडद्यावर एकदम नवरा-बायको हसत जेवताना दिसले.

"अगं बया, ही परत कशी आली?" बबनरावांची बायको चतुराबाई मोठ्यानं म्हणाली.

सत्यशीला ताडकन उठली. "आपसूक न्हाई आली, काकू. त्यानं साऱ्या मंडळीपुढं गुडघे टेकले, 'चुकलं माझं' म्हणला, तवा आली. ते तुमच्या मालकांनी पळवायला लावलं."

"बंद करा ते!" बबनराव ओरडले.

"बंद कावून?" चतुराबाई उठून उभी राहिली. "मागं घ्या. मला बघायचंय."

बबनरावांनी डोळे वटारले. चतुराबाई बसली नाही. तिच्या मागं आणखी दोघी-तिघी उठल्या. धर्मराजनं कपाळावरचा घाम पुसला आणि सिनेमा मागं घेतला.

नवऱ्यानं गुडघे टेकले, तेव्हा बायकांच्या बाजूला कुणीतरी हुंदका दिला. पोरं गप होती. लखन मात्र त्याआधीच उठून गेला होता.

घरी तो दारातच उभा होता. "लोकांत माझी अब्रू घालवलीस!"

"तुमचं नाव तरी घेतलं का म्या?"

त्यानं हात आडवा लावून दार अडवलं.

"मग तुमाला कावून लागलं?" त्याला बाजूला सारून ती आत गेली.

त्यानं माफी मागितली नाही. त्या दिवशी नाही, पुढंही नाही. सत्यशीलानं त्याच्याशी बोलणं टाकलं.