चालू हाय

"अहो, बसू द्या ना तिला! गाभण हाय ती!"

हौसा ओरडली, पण चांगदेवला ऐकू गेलं नाही. भिवंडीत कापडाच्या लूमवर जन्म काढला, त्यात कान अधू झाले, बारीक आवाज तर गेले ते गेलेच. तो आपला शेळीला ढोसत होता. शेवटी हौसा समोर येऊन उभी राहिली. आवाज न काढता नुसते ओठ हलवले, "बसू द्या."

हे त्याला लगेच कळलं. लूमच्या खडखडाटात सगळे असंच बोलायचे. नवीन लग्न झालं तेव्हा हौसा डबा घेऊन यायची, दारातूनच ओठांनी सांगायची, "मिरची जास्त झालीय." तो लांबच्या लूमवरून हसायचा.

मग कारखाना बंद झाला. लूम भंगारात गेले. हौसाच्या भावाने, हरेशने, कोन गावातली रिकामी जागा वापरायला दिली. कारखान्याचेच जुने पत्रे आणून नवराबायको दोघांनी गोठा उभा केला. दोघांच्याही घरात कुणी कधी कोंबडीसुद्धा पाळली नव्हती. पहिली शेळी लूममधल्या शटलसारखी दिवसभर या भिंतीकडून त्या भिंतीकडे पळायची, म्हणून तिचं नाव पडलं शटल.

हरेशने बजावलं होतं, "दाजी, हिचं पहिलं वेत नीट झालं तर ठेवा. न्हायतर मी जागा गोडाऊनवाल्याला देतो."

चांगदेवची एक सवय मात्र जाईना. लूम थांबला म्हणजे धागा तुटला, पळ! शेळी निवांत बसलेली दिसली तरी हा धावायचा. पाठीवर पंजा ठेवायचा, ढोसून उठवायचा.

"भावजी, बसून रवंथ करते म्हंजी खुशीत हाय ती," शेजारची तुळजा हातवारे करून सांगायची. "तुम्ही तर तिला डबल ड्युटी लावलीय!"

हौसाने अडवलं त्याच दुपारी शटल व्यायली. करडू खाली पडलं ते पडलंच. हलेना. शटलने चाटून बघितलं. तुळजाने वाकून बघितलं, मान हलवली.

"न्हाय गं हौसा. गेलं."

हौसाने पदर तोंडाला लावला.

पण थांबलेलं तसंच सोडायचं, हे चांगदेवला कुणी शिकवलंच नव्हतं. त्याने बोटाने करडाच्या नाकातोंडातला चिकटा काढला. मागचे पाय धरून उलटं केलं. मग फडक्याने चोळायला लागला. खसाखसा. "सोडा आता," हौसाचे ओठ हलले. त्याने बघितलंच नाही.

आणि करडू ओरडलं. धाग्याएवढा बारीक आवाज. दोघी दचकल्या. तो चोळतच होता.

हौसाने त्याचा हात धरला. ओठ हलवले, "ओरडतंय."

त्याने कान जवळ नेला. काहीच नाही. मग चालत्या लूमवर ठेवायचा तसा पंजा करडाच्या बरगडीवर ठेवला. बराच वेळ ठेवला.

"चालू हाय," तो म्हणाला. मग हौसाकडे बघून, "कसं ओरडतं गं?"

हौसाने आवाज न काढता तोंड उघडून दाखवलं. तो हसला, लांबच्या लूमवरून हसायचा तसा.