हलका दगड

“चढावर त्यांना बोलू देऊ नकोस गं, दम लागतो त्यांना,” ताई म्हणाली होती. दवाखान्याच्या खाटेवर, नाकात नळी असताना. स्वतःचा श्वास धड चालत नव्हता आणि काळजी नवऱ्याच्या दम्याची.

ताई गेली. पुढे धाकटीचंच त्यांच्याशी लग्न झालं. भाऊजींना ‘अहो’ म्हणताना तिची जीभ कितीतरी दिवस अडखळत असे. दवाखान्याच्या चादरी, उशांचे अभ्रे शिवायची नोकरी सांभाळून तिने ताईचा संसार ओढला. मीठ कमी पडलं तरी ते कधी बोलले नाहीत, आणि त्या न बोलण्यात तिला ताईच ऐकू यायची.

आताही ज्वालामुखीच्या काळ्या राखेच्या चढावर तिने मागे वळून दटावलं, “बोलू नका. नुसतं चाला.”

“बरं बाई,” म्हणून ते लगेच बोललेच. “जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. बटण दाबून जगाला वर पाठवलं. माझ्या वेळेला इथं एक बसवली नाही कुणी!”

सहलीतली मंडळी हसली. पाऊल टाकावं तर निम्मं मागे घसरत होतं. वाऱ्याबरोबर गंधकाचा वास येत होता.

“काका, पहिल्यांदाच का इकडे?” सहलीत ओळख झालेल्या एका कॅशियरबाईंनी विचारलं.

“इथं? दुसऱ्यांदा.”

तिचे पाय थबकले. निवृत्तीनंतर ‘चल, तुला ज्वालामुखी दाखवतो’ म्हणून त्यांनी स्वतःहून ही सहल ठरवली होती. शिवणखात्यातल्या सगळ्या बायकांना तिने ते सांगितलं होतं. नवे बूट दाखवायलासुद्धा नेले होते.

“कधी आला होता?”

“लग्न झाल्यावर.”

कुणाशी, हे विचारायची गरज नव्हती. ती झपाझप पुढे निघाली. ओठांवर नेहमीचं देवाचं नाव होतं आणि मनात ताई. जिवंत सवत असती तर एकदा कडाकडा भांडून मोकळं होता आलं असतं. ही ना म्हातारी होत होती, ना चुकत होती. फोटोतली वेणीसुद्धा अजून काळीभोर. आणि आता हा डोंगरही तिचाच निघाला.

वाऱ्याच्या आडोशाला रचलेल्या दगडी भिंतीपाशी ते मटकन बसले. दम्याचा पंप ओढला तरी छातीतली शिट्टी थांबेना.

“काका, तुम्ही इथंच थांबा. उतरताना घेतो तुम्हाला,” वाटाड्या म्हणाला आणि बाकीच्यांना घेऊन पुढे गेला.

त्यांनी खिशातून एक रुमाल काढला. कडेची शिलाई ताईची. तिला ती कुठेही ओळखू आली असती. आत भोकाभोकांचा काळा दगड. त्यांच्या कपाटाच्या खणात इतकी वर्षं जपलेला. ती त्याच्या भोवतालची धूळ पुसायची, त्याला हात लावायची नाही.

“तिनं इथून उचलला होता. डोंगराचं डोंगरावर राहू द्यावं, असं तेव्हाचा वाटाड्या म्हणाला होता. शेवटी शेवटी तिला तेच टोचत होतं. म्हणाली, नेऊन ठेवा. मी हो म्हणालो.”

“मग एकटं यायचं होतं. मला कशाला नाचवलंत?”

“एकट्याला भीती वाटली.”

“कसली?”

“वर पोचल्यावर परत फिरावंसं वाटलं नाही तर?”

ते रुमाल पुन्हा बांधू लागले. “राहू दे. नेऊ घरी.”

घरी. पुन्हा त्याच खणात. तिने समोर पाहिलं. सगळा उतार असल्याच दगडांनी भरलेला. दोन वळणं पुढे जाऊन कुठेही टाकला असता तरी कुणाला कळणार होतं?

“नेमका कुठून उचलला होता?”

“अगदी वर. कडेला, पांढरी वाफ येते ना, तिथून. पण तुझे गुडघे…”

“बोलू नका. दम लागतो तुम्हाला.”

तिने दगड काढून घेतला. रुमालाची चौकोनी घडी केली आणि त्यांच्या खिशात ठेवली. आपली शाल त्यांच्या छातीवर नीट लपेटली.

मंडळी बरीच वर गेली होती. त्यांच्या पावलांवर पाऊल ठेवत ती वाफेच्या दिशेने चढू लागली. दगड इतका हलका, की आहे ना हातात, हे तिला मधूनमधून मूठ दाबून पाहावं लागत होतं.