सोवळ्यातला पिरान्हा

हिम्मतरावांनी आठ फुटांची काचेची टाकी घेतली तेव्हा तिच्यात कुठला मासा सोडायचा हेच ठरलं नव्हतं. टाकी मात्र दिवाणखान्यात येऊन बसली, देवघराच्या भिंतीला लागून, आणि प्रमिलावहिनींचा टीव्ही कोपऱ्यात गेला. सचिवालयातून रिटायर झाल्यावर या माणसानं घरात स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट. एरवी भाजी आणा म्हटलं की भाजी, लाइटचं बिल म्हटलं की बिल. आता रोज सकाळी रिकाम्या टाकीची काच पुसत बसायचे, आणि चेहरा असा की नातू झालाय.

वहिनींची अट एकच होती. "माझ्या उंबऱ्याच्या आत मांसाचा तुकडा आला, तर टाकी लक्ष्मणच्या घरी."

लक्ष्मणराव म्हणजे वहिनींचा धाकटा भाऊ, दिलसुखनगरचा केबलवाला. घरोघरी चॅनेलं आली आणि गडी एकदम वर चढला. मारुती आली, फोन खिशात आला, हॉलमध्ये ऑस्कर जातीचे तळहाताएवढे मासे आले, जिवंत मासळी मटकावणारे. दाजींची टाकी बघून त्यानं एवढंच विचारलं, की यात काय गप्पी मासे सोडणार? झालं. त्या दिवसापासून हिम्मतरावांना ऑस्करहून खतरनाक, शिकारी मासा पाहिजे होता. आणि तो शाकाहारी पाहिजे होता.

असल्या भानगडीला लोक माझ्याकडेच येतात. सुलतान बाजारात माझं लग्नपत्रिकांचं दुकान. पण धंद्यापेक्षा माझ्या खोड्या जास्त चालतात. मी त्यांना स्कूटरवर मागे घातलं नि चारमिनारच्या मागे जब्बारभाईच्या माशांच्या दुकानात नेलं.

जब्बारभाईनं आधी अरोवाना दाखवला. तलवारीसारखा, चकचकीत, झुरळं खातो, झाकण उघडं दिसलं की बाहेर उडी. मग लाल शेपटीचा कॅटफिश. आज बोटाएवढा, पण पुढं टाकीत जे दिसेल ते गिळणार, आणि शेवटी टाकीच पुरणार नाही. मग मगरीच्या तोंडाचा, गार नावाचा मासा. प्रत्येक टाकीपुढं हिम्मतराव वाकून तोच प्रश्न विचारत होते, मुलगी बघायला आल्यासारखे: हा काकडी खाईल का? जब्बारभाईनं शेवटी हात जोडले. "साहब, ये शेर है. शेर को ककडी कायकू देते?"

कोपऱ्यात एक बशीएवढा मासा होता. रुपेरी अंग, लाल पोट, वर पाटी: पिरान्हा. जब्बारभाई केळं खात होता. उरलेला तुकडा त्यानं सहज त्या टाकीत टाकला, आणि पिरान्ह्यानं तो मिटक्या मारत खाल्ला. मी ओळखलं. हा पाकू. पिरान्ह्याचा चुलतभाऊ. तोंडावळा तोच, वाढतो दोन फुटांपर्यंत, पण दात आपल्यासारखे चपटे, फळं नि बिया फोडायला. पाटीकडं बोट दाखवून मी जब्बारभाईकडं पाहिलं. तो हळूच म्हणाला, "नाम से बिकता, भाई."

मासा घरी आला. वहिनींपासून आम्ही काही लपवलं नाही. त्यांनी काकडी चिरून टाकली, मासा खाताना डोळ्यांनी पाहिला, मगच मान हलवली. लक्ष्मणला मात्र पिरान्हा सांगायचं ठरलंय हे कळल्यावर बजावलं, "भावाशी मी खोटं बोलणार नाही, भावजी. त्यानं विचारलं तर सांगून टाकीन."

राखीच्या दिवशी मी आधीच जाऊन बसलो होतो. उजव्या हाताला बँडेज, वर दुकानातली लाल शाई. लक्ष्मणराव आला, टाकीपासून दोन हात लांब उभा राहिला. मी त्याला सगळं सांगितलं, म्हणजे जे घडलंच नव्हतं ते सगळं. मासा कसा उसळला, हिम्मतरावांनी मला मागे कसं ओढलं. हिम्मतराव इतके खुलले की स्वतःच दोन वाक्यं वाढवायला लागले.

मग लक्ष्मणराव खाली गाडीकडं गेला आणि प्लास्टिकची पिशवी घेऊन वर आला. आत पाव किलो कलेजी. म्हणाला, खातो कसा ते बघू की.

पिशवी उंबऱ्याच्या आत आलेली. कलेजी नको म्हणावं तर सोंग उघडं, हो म्हणावं तर टाकी गेली. माझ्या डोक्यातही, आयुष्यात पहिल्यांदा, काही येईना.

तेवढ्यात वहिनी ओवाळणीचं ताट घेऊन बाहेर आल्या. पिशवीतून ठिबकत होतं.

"लक्ष्मण, ते काय आहे?"

"माशाचं खाणं, अक्का. पिरान्हा ना हा? का दाजी टोपी घालतायत मला?"

वहिनींनी ताट खाली ठेवलं. आधी त्याला पिशवीसकट बाहेर काढलं, हात-पाय धुवायला लावले, उंबरा पुसून घेतला. ऐन श्रावणात, सणाच्या दिवशी, वगैरे जे बोलायचं ते बोलून झालं. मग पदर खोचला, काकडीची फोड घेतली आणि हात कोपरापर्यंत टाकीत घातला.

"अक्का, हात," लक्ष्मणराव एवढंच म्हणू शकला.

मासा सरळ आला, बोटांतून फोड घेतली, कर्रकन चावली. वहिनींनी हात पुसला.

"या घरात जो येतो त्याला हेच खावं लागतं. तुझ्या दाजींना लग्नाआधी बिर्याणीशिवाय घास उतरत नव्हता. विचार त्यांना."

"हौ," हिम्मतराव म्हणाले. मान वर केली नाही.

यात एक शब्द खोटा नव्हता. लक्ष्मणरावानं माशाकडं पाहिलं, दाजींकडं पाहिलं, परत माशाकडं. मुकाट्यानं पाटावर बसला. राखी बांधून झाल्यावर हळूच विचारलं, "किती दिवस लागले, अक्का?"

"माशाचं विचारतोस का यांचं?"

तो गेल्यावर हिम्मतराव धीर करून म्हणाले, मांस तर उंबऱ्यात आलंच, मग टाकीचं काय?

"आणलं कोणी? त्याच्याच घरी बक्षीस पाठवू का?" वहिनी ताट उचलत म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "आणि भावजी, ते बँडेज सोडा आता. शाई सोफ्याला लागतेय."

हिम्मतरावांनी काकडीची एक फोड घेतली आणि टाकीकडं निघाले.

"हात धुवा आधी," आतून आवाज आला.