छान म्हणायला बंदी

माझ्या तोंडून चांगला शब्द निघत नाही, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. खोटं नाही ते. मी शिंपी. एकेचाळीस वर्षं लोकांचे कोट शिवतोय, आणि माझ्या हाताखाली शिकलेल्या एकालाही मी कधी शाबास म्हटलेलं नाही. शाबास म्हटलं की पुढची शिवण वाकडी जाते, असं माझे उस्ताद सांगायचे. त्यांनीही मला मरेपर्यंत शाबास म्हटलं नाही. कोट हातात घ्यायचा तो कुठे चुकलाय ते शोधायला. जे बरोबर आहे ते बरोबरच असायला हवं, त्यात कौतुक कसलं डोंबलाचं?

घरच्या जेवणालाही हाच कायदा. सून येऊन अकरा वर्षं झाली. ती हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. पहाटे जाते, चारला येते आणि रात्रीचं जेवण करते, कारण आमच्या हिची बोटं संधिवाताने आखडलीत. बोटं धड होती तेव्हा ही रांधायची आणि मी दुकानात उशिरापर्यंत काम काढून बसायचो. हे मी हिच्या तोंडावर म्हणतो, पाठीमागे नाही. सुनेचं काही आवडलं की मी गुपचूप वाटी पुढे करतो. नाही आवडलं तर मात्र बोलतो. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी माझं मीठ कमी करायला सांगितलं, तेव्हाच मी सुनेला ताकीद दिली होती, "चिमूटभर जरी कमी पडलं ना, तरी मला कळेल. जीभ शाबूत आहे अजून माझी."

आता त्या हॉटेलाबद्दल सांगतो. दुकानापासून चौथ्या गल्लीत आहे, अकरा टेबलांचं. तिथे कायमचा आचारी नाही. दर आठवड्याला नवा पाहुणा आचारी येतो. कधी बोटीवरचा, कधी मोठ्या हॉटेलातून निवृत्त झालेला, एकदा तर तुरुंगातल्या भटारखान्यातला आला होता आणि त्याच्यासाठी म्हणे लोकांनी बाहेर रांग लावली. रविवारी दुपारचं जेवण झालं की त्याचा आठवडा संपतो. मग तो बाहेर येतो, एकेका टेबलाशी उभा राहतो आणि एकच प्रश्न विचारतो, "काय कमी होतं?" भिंतीवर ठसठशीत पाटी आहे, 'इथे छान म्हणायला बंदी आहे.' मालकीणबाईंचं म्हणणं, छान ऐकून कोणी शिकत नाही. हे कानावर आलं तेव्हा मला वाटलं, चला, जगात आणखी एक शहाणं माणूस आहे तर.

या बाई पित्ताच्या खड्यांच्या ऑपरेशनसाठी आमच्या सुनेच्याच हॉस्पिटलात आठवडाभर होत्या. रोज तिथलं सूप प्यायल्या आणि घरी सोडलं त्या दिवशी टाके सांभाळत तळमजल्यावर स्वयंपाकघर शोधत गेल्या. "हे कोण करतं?" म्हणून विचारलं. असं करत आमची सून एका आठवड्याची पाहुणी आचारी झाली. हॉस्पिटलातून तिने रजा काढली आणि तो आठवडा आम्ही घरी पाव खाऊन काढला.

शनिवारी भरदुपारी मुलगा दुकानात आला. तो चष्म्याच्या दुकानात असतो, दुपारी कधी फिरकत नाही. मी कोटाची काजं करत होतो.

"बाबा, घोळ झालाय."

"सांगून टाक एकदाचं."

"मालकीणबाईंनी तिला कायमचं बोलावलंय. पाहुणे येतील जातील, पण जोडीला रोज एक पक्का हात हवा म्हणतात. हॉस्पिटल सोडायचं. दुपारी दोन ते रात्री दहा."

सुई थेट बोटात गेली. "आणि आपल्या जेवणाचं काय?"

"तेच तर म्हणतोय! मला फक्त अंडं उकडता येतं."

"तेही तू फोडून ठेवतोस. बरं, ती काय म्हणाली?"

"तिची खूप इच्छा आहे, पण धीर होत नाही. म्हणाली, उद्या बाबा जेवायला येतायत, ते काय सांगतात ते ऐकते आणि मग ठरवते."

"मीच का?"

"मी म्हणे करपलेलंही छान म्हणतो. आई तिचं मन राखते. तुम्ही तेवढे तोंडावर खरं सांगता."

खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली. पण मुलगा मशीनवर वाकून हळूच म्हणाला, "तेव्हा बाबा, उद्या काहीतरी खोट काढा. मीठ कमी म्हणा. तुम्हाला काय अवघड आहे?"

"म्हणजे खोटं बोलू?"

"तुम्ही आजवर कधी 'काही कमी नाही' असं म्हणालायत? मग ते खोटं कसं होईल?"

मला पटलं. सांगायला लाज वाटते, पण पटलं. वांग्याची भाजी, गरम भात आणि समोर धरलेली वाटी डोळ्यांसमोर आली, आणि मान हलवून मोकळा झालो.

रविवारी आम्ही तिघं गेलो. मी माझा चांगला कोट घातला होता. टेबलावर पांढरा कपडा होता, त्याची दुमड एका बाजूला अर्धा बोट जास्त होती. मी ते लगेच हिला दाखवलं.

"आलात का वळणावर? खुर्ची तरी गरम होऊ द्या," ही म्हणाली. आमचा कट हिला सकाळीच कळला होता. मुलाच्या पोटात काही राहत नाही. तेव्हापासून ही माझ्याशी तुटक बोलत होती.

पहिलं आलं भोपळ्याचं सूप, झाकणाच्या वाटीत. वेटरने वाटी माझ्या नाकाखाली आणली, झाकण उचललं आणि क्षणभर तशीच धरून ठेवली.

"हा काय प्रकार?" मी विचारलं.

"ताईंनी सांगितलंय. आधी वास, मग चमचा. आजारी माणसाची भूक म्हणे नाकात झोपलेली असते."

मी आजारी नव्हतो, पण भूक मात्र खडबडून जागी झाली. वाटी कधी संपली कळलं नाही. सवयीने मी ती पुढे केली, तर वेटर ओशाळून म्हणाला, "आजोबा, इथे दुसऱ्यांदा वाढत नाहीत." मी वाटी खाली ठेवली आणि शेजारच्या भिंतीकडे बघत बसलो. मग भाजलेलं वांगं आलं, कुरकुरीत पावावर. मग लिंबाचा मासा आणि भात, त्यावर भाजलेले तीळ. मासा काट्याने नुसता टेकला तरी सुटत होता. शेवटी भट्टीत भाजलेलं सफरचंद आलं.

मी शोधत होतो हो. मनापासून शोधत होतो. प्रत्येक घास उलटापालटा करून, कोटाचं अस्तर उसवून बघावं तसा. कुठे जास्त शिजलंय, कुठे कच्चं राहिलंय, कुठे घाई झालीय. एक टाका वाकडा सापडेना. सफरचंदाच्या शेवटच्या तुकड्यापर्यंत मी आलो आणि माझ्याकडे सांगायला मुलाने दिलेलं तेवढं मीठच उरलं.

"काय हो, घास घशात अडकतोय का?" हिने विचारलं.

"गप गं."

"अडकणारच. खाल्ल्या मिठाला तरी जागा."

तेवढ्यात सून बाहेर आली. डोक्याला हॉस्पिटलातली पांढरी टोपी, हात एप्रनला पुसत. पहिल्या टेबलाशी उभी राहिली. तिथले एक गृहस्थ म्हणाले, माशाचा तुकडा जरा लहान होता. दुसऱ्या टेबलावरच्या बाईंनी खुर्ची टणक आहे म्हणून सांगितलं. सून मान डोलवत ऐकत होती, पण तिचं लक्ष तिथे नव्हतं. मध्येच आमच्याकडे बघत होती. काउंटरशी मालकीणबाई उभ्या होत्या. त्यांना आज उत्तर हवं होतं.

मग ती आमच्या टेबलाशी आली. मुलाला काही विचारलं नाही, सासूलाही नाही.

"बाबा, काय कमी होतं?"

मुलाने टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला. दुसऱ्या बाजूने हिने मांडीला चिमटा काढला. इकडे आड, तिकडे विहीर.

"मीठ," मी म्हणालो. "मीठ कमी होतं."

सून हळूच म्हणाली, "मीठ मी मुद्दाम घरी घालते तेवढंच घातलं होतं, बाबा."

"घरी बरोबर असतं."

"घरी दोन वर्षं तुमच्या जेवणात मी नावालाच मीठ घालतेय. डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवसापासून. आधी चांगलं भाजायचं, मग लिंबू पिळायचं, वरून तीळ टाकायचे. तुम्ही एकदाही बोलला नाहीत, तेव्हा वाटलं, जमलं आपल्याला."

शेजारच्या टेबलावरचे लोक फिसकन हसले. पुरता तोंडघशी पडलो मी. दोन वर्षं शाबूत जीभ, शाबूत जीभ म्हणून मिरवत होतो! पण सून हसली नाही. तिने टोपी काढून हातात घेतली.

"पण आज कळलं तुम्हाला," ती म्हणाली. "म्हणजे आज हात चुकला. अकरा टेबलांत चुकला, तर रोज कसं व्हायचं? बरं झालं सांगितलंत. बाईंना नाही म्हणून सांगते."

आणि ती वळली.

तिच्याकडे दोन वर्षांचा पुरावा होता. रोजची ताटं, रोज पुढे आलेली माझी वाटी. ते सगळं तिने बाजूला टाकलं, कशासाठी, तर म्हाताऱ्याच्या एका शब्दासाठी. म्हातारा खोटं बोलत नाही म्हणून. आणि म्हातारा तर बोलला होता, दोन घास भातासाठी! मला माझीच इतकी लाज जन्मात वाटली नव्हती.

"थांब!" मी उठलो. खुर्ची मागे धाडकन पडली. सगळं हॉटेल वळून बघायला लागलं. "कमी काही नव्हतं. मी खोटं बोललो."

"बाबा!" मुलगा कळवळला.

"तू बस खाली. हा आणि मी, आम्ही दोघांनी मिळून ठरवलं होतं. तू इथे आलीस तर आम्हाला रात्री कोण वाढणार म्हणून. मीठ बरोबर होतं. सूप छान होतं. वांगं छान होतं. तो मासा, तो तर... छान होता गं."

मालकीणबाईंनी काउंटरवरूनच पाटीकडे बोट दाखवलं. "आजोबा, इथे ते चालत नाही."

"नाही चालत तर हाकला मला! अकरा वर्षांचं साठलंय, आज काढून घेतो. घरीही सगळं छान असतं. एकदा भात लागला होता, तेवढा सोडून."

मला वाटलं सून रडेल. रडली नाही, चिडली. चांगली लालबुंद झाली.

"मग बोलला का नाहीत एकदाही? अकरा वर्षं मी तुमच्या तोंडाकडे बघत वाढतेय, बाबा. वाटी पुढे आली की वाटायचं, आता बोलतील. आता बोलतील. मी काय भिंतीला वाढत होते?"

खरं उत्तर मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. शिवण, शाबासकी, उस्ताद, ते सगळं शिकाऊ पोरांसाठी ठीक.

"बोललो असतो तर तुला कळलं असतं," मी म्हणालो, "की तुझा हात आमच्या घरात मावण्यापेक्षा मोठा आहे. मग तू कशाला राहिली असतीस?"

ती माझ्याकडे बघत राहिली. राग उतरला की नाही मला कळलं नाही. ही मात्र डोळ्यांना पदर लावून बसली होती. सुनेने टोपी पुन्हा डोक्यावर चढवली, नीट, दोन्ही हातांनी.

"बाई," ती काउंटरकडे बघून म्हणाली, "उद्यापासून येते मी."

"दोनला ये," मालकीणबाई म्हणाल्या. "आणि आजोबांना पुन्हा आणू नकोस."

मी खुर्ची उचलून बसलो. मुलाने कपाळाला हात लावला होता. सून पुढच्या टेबलाशी गेली, कारण अजून आठ टेबलं विचारायची राहिली होती. तिथे एक जाडजूड गृहस्थ मघापासून कान टवकारून बसले होते.

"काय कमी होतं?" तिने विचारलं.

"आमचं काही नाही, ताई," ते म्हणाले, "पण त्या आजोबांना आता रात्रीचं जेवण कमी पडणार बघा."

सगळे खो खो हसले, आमची ही सुद्धा. आणि सून तर सगळ्यांत मोठ्याने, टेबलाला धरून, टोपी घसरेपर्यंत हसली. अकरा वर्षं आमच्या घरात राहून तिचं असं हसणं मी कधी ऐकलं नव्हतं. मला फार बरं वाटलं, आणि फार वाईटही वाटलं.